अडचण कोणाच्या नावे?

यंदाच्या स्मरणिकेसाठी व्यापाराविषयी चार शब्द लिहावेत अशी संपादक मंडळाची सूचना झाली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्ही आपल्या मंडळाचे मागील काही वर्षांचे अहवाल चाळले. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. आपले अहवाल चांगल्या मराठीत लिहिलेले असतात. देणगीदारांचे आभार, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, विद्यार्थ्यांचा गुणगौरव, पर्वातील पूजा-प्रवचने, ह्या कशालाही भाषा कमी पडत नाही. मात्र जेथे काही अडले, थांबले किंवा बुडाले असे सांगावयाचे असते, तेथे लेखणी एकाएकी इंग्रजी बोलू लागते. बांधकाम ‘टेक्निकल इश्यू’मुळे थांबलेले असते. मंडीच्या रस्त्याचा अर्ज ‘पेंडिंग’ असतो. बारदान्याच्या पुरवठ्यात ‘बॉटलनेक’ असतो, आणि वसुलीविषयी लिहिताना ‘लिक्विडिटी क्रंच’ हटकून येतो. सुखाची वार्ता मराठीत आणि दुःखाची इंग्रजीत, असा हा रिवाज केव्हा पडला ते सांगता येत नाही. पण तो पडला आहे खरा.

आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. तेव्हा हा विचार भाषापंडिताचा नव्हे, वही लिहिणाऱ्याचा आहे. आपल्या वहीला दोन बाजू असतात, एक जमा आणि दुसरी नावे. ह्यातील ‘नावे’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. दिलेली रक्कम हवेत सोडून चालत नाही. ती कोणाच्या तरी नावे टाकावी लागते, तिच्यापुढे आकडा लागतो, मिती लागते. जिचे नाव त्या क्षणी ठरत नाही ती रक्कम उचंत खात्यात जाते. आणि उचंत खाते वर्षाअखेर मिटलेच पाहिजे असा जुन्या मुनिमांचा दंडक असे. आमचे म्हणणे इतकेच की, अडचणींची ही इंग्रजी नावे म्हणजे आपल्या बोलण्यातले उचंत खाते होऊन बसली आहेत, आणि हे खाते कोणी मिटवीत नाही.

आपल्या बिर्लानगराचेच उदाहरण घेऊ. १९२१ साली, माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, घनश्यामदास बिर्ला यांनी ग्वाल्हेरीस जियाजीराव कॉटन मिल काढली. लोक तिला जेसी मिल म्हणत. मिलभोवती कामगारांची वस्ती वाढली, वस्तीला नाव मिळाले, आणि रेल्वेचे स्थानकही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. हजिऱ्यापासून कामगारवस्तीपर्यंतची किराणा दुकाने मिलच्या पगारावर चालत, आणि ती दुकाने दालबाजारातील घाऊक पेढ्यांच्या उधारीवर चालत. गहू गोदामातून दुकानात आणि दुकानातून कामगाराच्या घरी जाई. पगाराच्या दिवसानंतर पैसा त्याच वाटेने उलट येई. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभी मिलचा भोंगा थांबला, हजारो कामगार घरी बसले, आणि हे चक्रही थांबले.

त्या वर्षांत सर्वांच्या तोंडी एकच शब्द होता. मिल ‘सिक’ आहे. कामगार म्हणे, दुकानदार म्हणे, वर्तमानपत्रेही तेच म्हणत. हा शब्द आकाशातून पडला नव्हता. १९८५ साली संसदेने आजारी उद्योगांविषयीचा कायदा केला आणि त्याखाली नेमलेल्या मंडळाने १९८७ पासून काम सुरू केले. ज्या कंपनीचा साचलेला तोटा तिच्या भागभांडवल आणि गंगाजळी मिळून होणाऱ्या रकमेइतका किंवा त्याहून अधिक झाला, ती ‘सिक’, असा त्या कायद्याचा ढोबळ अर्थ होता. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर ज्या पेढीने स्वतःचे सर्व मुद्दल खाऊन टाकले ती. ह्याला आपल्याकडे पूर्वापार एक शब्द आहे, दिवाळे. तो उच्चारताना जीभ अडखळते, आणि म्हणूनच तो उपयोगाचा आहे.

आजार आणि दिवाळे ह्यांत फरक कोणता? आजार कोणी करीत नाही, तो येतो. आजाऱ्याला जाब विचारणे शिष्टसंमत नाही. त्याच्या खोलीत हळू बोलावे, पथ्य सांगावे, औषधाची वाट पाहावी. यंत्रे जुनी झाली ती वेळेवर का बदलली नाहीत, बरकतीच्या वर्षांतील नफा कोठे गेला, बँकेने कर्ज दिले ते कशावर, संप आणि टाळेबंदी ह्यांत किती दिवस गेले, सरकारी धोरणाचा वाटा किती, हे सारे प्रश्न त्या एका ‘सिक’ शब्दाखाली झाकले जातात. प्रत्येक मिलच्या बाबतीत उत्तरे निराळी असतील. आम्ही येथे कोणा एका मिलवर ठपका ठेवीत नाही. पण प्रश्न विचारला गेला पाहिजे होता, आणि त्या शब्दाने तो विचारू दिला नाही. उलट दिवाळे निघालेला सावकार दिवसाढवळ्या पेढीवर दिवा लावून बसे, असे जुनी माणसे सांगत. आपल्याकडील हिंदी बाजारात ‘टाट उलटणे’ म्हणत. ती नाचक्की होती ह्यात शंका नाही. पण त्या दिव्याने घेणेकरी जमत, वह्या उघडल्या जात, पंच बसत, आणि रुपयाला आठ आणे निघोत की सहा आणे, जे निघेल ते वाटले जाई. नाचक्कीच्या दिवसापासूनच हिशेब सुरू होई.

‘सिक’ मिलचा हिशेब केव्हा सुरू होतो? आपल्या समाजाचे भूषण सर सेठ हुकुमचंद यांच्या नावाची इंदूरची मिल सर्वांस ठाऊक आहे. काचमंदिर बांधणारे तेच हुकुमचंद. ती मिल १९९२ साली बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपये परिसमापकाकडे सुपूर्द झाले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी. लाभ होणारे कामगार सुमारे ४,८०० होते, आणि मधली वर्षे एकतीस. इतक्या वर्षांत कित्येक नावांपुढे वारस लागले असतील ते वाचकांनीच समजून घ्यावे. आमच्या बिर्लानगरातील कामगारांच्या देण्यांचा प्रश्न तर तीन दशके उलटून गेल्यावरही सरकारदरबारी फिरतच होता. ह्या सर्व काळात वापरलेले शब्द पाहा: ‘सिक’, मग ‘वाइंडिंग अप’, मग ‘लिक्विडेशन’, मग ‘क्लेम अंडर प्रोसेस’. प्रत्येक शब्द आधीच्याहून अधिक सभ्य, आणि एकातही ‘अमक्याचे इतके रुपये अमुक तारखेपासून देणे आहे’ असे वाक्य नाही. ते १९८५ चे कायदेपुस्तक डिसेंबर २०१६ मध्ये मिटले. शब्द मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. हा दोष इंग्रजी भाषेचा नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील इंग्रजी वाचून पाहावे. ‘ले-ऑफ’ निराळा, ‘रिट्रेंचमेंट’ निराळी, ‘क्लोजर’ निराळे. पहिल्यात मूळ वेतन व महागाई भत्ता ह्यांच्या निम्मी भरपाई. दुसरीत पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. ज्या कामगाराला हा भेद कळत होता त्याला आपली येणी रक्कम बोटांवर मोजता येत होती. म्हणजे शब्द इंग्रजी असूनही वहीत बसणारे होते. बिघडते ते आपण ते शब्द कायद्याच्या पुस्तकातून उचलून बाजारात आणतो, त्यांचा आकडा आणि तारीख वाटेत गाळतो, आणि नुसते टरफल तोंडात धरतो तेव्हा.

धान्याच्या व्यापारात ह्याचे दाखले पावलोपावली आहेत. १९६५ आणि १९६६ ह्या दोन लागोपाठ अवर्षणांच्या काळात अमेरिकेच्या चारशे ऐंशी क्रमांकाच्या कायद्याखाली गहू येत होता. १९६६ साली एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आले. त्या वेळी आपल्या स्थितीला इंग्रजीत ‘शिप टू माउथ’ म्हणत. जहाजातून उतरले की थेट तोंडात, मध्ये साठा नाही. हा शब्दप्रयोग इंग्रजी खरा, पण त्यात एक जहाज दिसते आणि एक तोंड दिसते. तो ऐकणाऱ्याला झोंबे. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळ उपवास करण्याचे आवाहन केले, अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांच्या कारकीर्दीत १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाण्याचा गहू आणला गेला. हे सर्व एका शब्दाने घडले असे म्हणणे वेडेपणाचे होईल. पण त्या शब्दाने कोणाला झोपू दिले नाही एवढे निश्चित. आज त्याच स्थितीला ‘सप्लाय चेन कन्स्ट्रेंट’ म्हणतात, आणि ऐकणारा जांभई देतो.

‘कंट्रोल’ हा शब्दही तसाच. दुसऱ्या महायुद्धात आला, डिसेंबर १९४७ मध्ये महात्माजींच्या आग्रहाने नियंत्रणे उठू लागली, १९४८ मध्ये पुन्हा बसली, आणि पुढे रफी अहमद किडवाई यांच्या काळात सैल झाली. पण शब्द असा रुजला की आमच्या प्रांतात स्वस्त धान्याच्या दुकानाला लोक ‘कंट्रोल’च म्हणतात. माणशी किती, भाव काय, आणि देणारा कोण, हे त्या शब्दाबरोबर प्रत्येक गृहिणीला ठाऊक असे. हा शब्द आता आपलाच आहे. त्याला हाकलण्याचे कारण नाही. १९७३ च्या एप्रिलमध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार हाती घेतला, खाजगी घाऊक व्यापाऱ्यास गव्हात हात घालण्याची बंदी झाली, आणि खरेदीचा भाव क्विंटलला ७६ रुपये ठरला. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. पेढीवर ‘टेक-ओव्हर’ हा शब्द कानी पडे, पण त्याचा अर्थ विचारावा लागत नसे. गव्हाचे गोदाम रिकामे होते. माल बाजारातून नाहीसा झाला आणि पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, ती योजना मागे घेऊन भाव १०५ रुपये करण्यात आला. कोणी केले, केव्हा केले आणि केव्हा सोडले, तिन्ही गोष्टी लख्ख. म्हणूनच ती चूक एका वर्षात दुरुस्त झाली. अगदी अलीकडे, १२ जून २०२३ रोजी, गव्हावर ‘स्टॉक लिमिट’ आले. घाऊक व्यापाऱ्यास प्रथम ३,००० टन, आणि पुढे उतरत उतरत फेब्रुवारी २०२४ मध्ये ५०० टन. हा शब्द आम्हांस प्रिय असण्याचे काही कारण नाही. पण त्यात आकडा आहे, तारीख आहे आणि हुकूम काढणाराही आहे. त्याच्याशी भांडता येते.

ह्याच्या उलट बाजूचा सर्वांत मोठा दाखला महाराष्ट्राचा आहे, आणि तो आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा करून राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘स्कॅर्सिटी’ हा शब्द घातला. पिकांवर सरकारची सतत देखरेख असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदत पोहोचते, तेव्हा दुष्काळ आता पडूच शकत नाही, असा त्यामागील विचार होता. नऊच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात खडी फोडण्याच्या आणि मातीच्या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. परदेशचा लाल मिलो आला, मुलांना सुकडी वाटली गेली. सरकारने मोठे काम केले हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. त्या कामांतूनच वि. स. पागे यांच्या पुढाकाराची रोजगार हमी योजना वाढली. पण ज्यांनी खडी फोडली त्यांपैकी कोणी ‘बहात्तरची स्कॅर्सिटी’ म्हणाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सोलापूर आणि मराठवाड्याकडील आमचे आप्त आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ असेच म्हणतात. कागदोपत्री मात्र ‘टंचाई’, ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ अशी मराठी वेषातली इंग्रजी चालू राहिली. २०१६ साली प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले तेव्हा कोठे शासनाने ‘दुष्काळसदृश’ म्हणजे दुष्काळच समजावा असे कबूल केले. ‘सदृश’ ह्या तीन अक्षरांवर कर्जवसुलीची स्थगिती आणि मुलांची परीक्षा फी अवलंबून असते, हे ध्यानी घेतले म्हणजे शब्दाची किंमत कळते.

कोणी म्हणेल, मराठीत तरी पळवाटा कोठे कमी आहेत? ‘पाहू’, ‘उद्या या’, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’. अगदी बरोबर. पण मराठीत ‘दप्तरदिरंगाई’ असाही एक जुना खणखणीत शब्द आहे. इंग्लंडात कायद्याच्या कागदांच्या गठ्ठ्याला तांबडी फीत बांधीत, त्यावरून त्यांनी ‘रेड टेप’ म्हटले आणि आपण आज्ञाधारकपणे ‘लालफीत’ केले. फितीला कोण काय विचारणार? दिरंगाई म्हटली की ती करणारा आलाच. महाराष्ट्राने २००५ साली ह्याविषयी कायदा केला. त्याचे अधिकृत नाव लांबलचक आहे, पण लोक त्याला दप्तरदिरंगाईचा कायदाच म्हणतात. सामान्यतः कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक राहू नये असे तो सांगतो. आपल्या मध्यप्रदेशाने तर २०१० साली लोकसेवांच्या हमीचा कायदा देशात प्रथम केला. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर संबंधित अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, अधिकात अधिक ५,००० रुपये दंड. दोन्ही कायदे किती पाळले जातात हा प्रश्न निराळा. पण ते करणाऱ्यांनी अडचण वहीत कशी लिहावी हे ओळखले होते. माणूस, दिवस, रक्कम.

आपल्या शास्त्राने तर हा विचार फार पूर्वी केला आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा कागद करणे. ते सर्वांस समजते. त्याच्याच पुढे न्यासापहार आहे, आणि पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचे जे स्पष्टीकरण केले आहे ते प्रत्येक पेढीवर सांगण्याजोगे आहे. एकाने ठेव ठेवली, पुढे तो आकडा विसरला आणि ठेवीहून कमी रक्कम मागू लागला. त्यावर ‘बरोबर, तेवढीच’ असे म्हणणे हा न्यासापहार. येथे ठेवणाऱ्याने स्वतःच कमी मागितले आहे. व्यापाऱ्याने केवळ होकार दिला. तरीही तो सत्यव्रताचा अतिचार, कारण समोरच्याला आपली रक्कम कळू दिली नाही. ज्या शब्दाने कामगाराला, शेतकऱ्याला किंवा उधारीवर माल देणाऱ्याला आपली रक्कम आणि आपला ऋणको कोण हे कळेनासे होते, तो शब्द ह्या सूत्राच्या किती जवळ जातो ते विद्वानांनी ठरवावे. आम्हांस तो फार दूर वाटत नाही.

आता आपल्या मंडळापुरते. गेल्या वर्षीच्या सभेत एका अर्जाचा मसुदा वाचला गेला. त्याचा आशय असा की, ‘पेमेंट बॉटलनेक’मुळे सभासदांना ‘हार्डशिप’ होत आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. टाळ्या पडल्या आणि अर्ज गेला. उत्तर आले नाही, आणि ते येणार कसे? कोणाचे, किती, केव्हापासून आणि कोणाकडे, ह्यांपैकी एकही गोष्ट अर्जात नव्हती. आम्ही तसे बोलून दाखविले तेव्हा तरुण सभासदांपैकी एकाने जे उत्तर दिले ते मात्र विचार करण्याजोगे होते. तो म्हणाला, “काका, ज्याच्या टेबलावर बिल अडले आहे त्याच्याच टेबलावर उद्या माझे लायसेन्सही जाणार आहे. नाव लिहून मी दुकान कोठे लावू? बॉटलनेक म्हटले की कोणाला राग येत नाही.”

ह्या मुलाचे म्हणणे भित्रेपणाचे म्हणून झटकून टाकता येणार नाही. इंग्रजी शब्दाची खरी गोडी येथे आहे. तो विद्वत्तेसाठी वापरला जात नाही, ढालीसाठी वापरला जातो. एकट्या दुकानदाराला ढाल लागणारच. पण मंडळ कशासाठी आहे? एकट्याने नाव घेणे आणि दोनशे सभासदांच्या संस्थेने घेणे ह्यांत अंतर आहे. मंडळाला लायसेन्स लागत नाही, मंडळाचे दुकान नाही, आणि मंडळाचा कोणी माल अडवू शकत नाही.

म्हणून आम्ही कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवली आहे आणि ती सभासदांच्या माहितीसाठी येथे देतो. ज्यांची येणी बाजारात, मंडीत किंवा कोणत्याही कार्यालयात सहा महिन्यांहून अधिक थकली आहेत, त्यांनी रक्कम, बिलाची तारीख आणि कागद ज्या टेबलापर्यंत गेला त्याचे नाव एका चिठ्ठीवर लिहून चिटणीसांकडे द्यावे. सभासदाचे नाव चिटणीसांच्याच वहीत राहील. बाहेर जाणाऱ्या अर्जावर मंडळाची सही असेल आणि खाली रकमांची यादी असेल. ज्या सेवेस लोकसेवा हमी कायद्याची मुदत आहे तेथे ती मुदत आणि उलटलेले दिवस लिहिले जातील. मसुदा मराठीत होईल, आणि आपला कारभार हिंदी प्रांताशी असल्यामुळे त्याची हिंदी प्रत जोडली जाईल. रब्बीची आवक सुरू झाली की कोणाला मान वर करण्यास सवड होत नाही. तेव्हा चिठ्ठ्या होळीपूर्वी पोहोचाव्यात. आजपर्यंत अकरा आल्या आहेत, आणि त्यांपैकी नऊ जणांना आपली नेमकी रक्कम वहीत शोधावी लागली.